सेवेची वाट मोकळी करणाऱ्या रमाबाई

गेल्या दिवाळीत आमच्या अक्काला पाहायला पाहुणे आले होते. अक्का नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात परिचारिका आहे. बोलणी जमत आली होती. पण रात्रपाळी असते हे कळताच पाहुणे उठले. परक्या पुरुषांना हात लावण्याचे काम आपल्या सुनेने करावे हे त्यांना पटले नाही. माय दोन दिवस नीट जेवली नाही. अक्का मात्र सोमवारी पहिल्या गाडीने लोह्याहून कामावर गेली. त्याच सुमारास ग्रंथालयात मला रमाबाई रानडे यांचे चरित्र मिळाले. वाचता वाचता ती अक्काचीच गोष्ट वाटू लागली.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी झाला. पुढे यशवंतराव चव्हाण यांचाही जन्म याच गावी झाला. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने स्वतः शिकवायला सुरुवात केली. घरातील बायकांना ते रुचले नाही. टोमणे झाले, अबोला झाला. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही, पण पाटीही खाली ठेवली नाही. मराठीपाठोपाठ त्या इंग्रजीही शिकल्या.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे निवर्तले. रमाबाईंना तेव्हा एकोणचाळीसही पूर्ण झाली नव्हती. काही काळ त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतले. त्या काळी विधवेकडून समाजाची तेवढीच अपेक्षा होती. परंतु त्या सावरल्या. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. त्याचे पहिले वर्ग रानड्यांच्या वाड्यातच भरले.

सेवासदनाच्या कामांत सर्वांत अवघड होते ते परिचारिका घडवण्याचे. शिवण किंवा शिक्षिकेचे काम लोक एक वेळ मान्य करीत. पण सोवळ्यातल्या घरच्या विधवेने कोणत्याही जातीच्या रोग्याची जखम धुवावी, घाण काढावी, रात्र रात्र जागावे, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. रमाबाई या विरोधापुढे नमल्या नाहीत. ज्या बायकांना घरात कोपऱ्यात बसवले होते, त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात शिक्षण मिळू लागले. त्यांच्या हाती विद्या आली आणि स्वतःच्या कमाईची भाकरीही आली. १९२४ साली रमाबाईंचे निधन झाले. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आज शंभर वर्षांनंतर काय बदलले? अक्का सांगते, रात्री साऱ्या वॉर्डात ती आणि एक मावशी, दोघीच असतात. सलाईन बदलायचे, ताप नि रक्तदाब लिहून ठेवायचा, रडणाऱ्या नातेवाइकाला धीर द्यायचा आणि सकाळी येणाऱ्या सिस्टरला एकेका खाटेची हकिकत सांगूनच निघायचे. २०२० साली कोरोनाच्या साथीत याच कामासाठी आम्ही थाळ्या वाजवल्या. सोयरिकीच्या वेळी मात्र तेच काम आड येते.

मायला वाचता येत नाही. एका रात्री मी तिला रमाबाईंची सगळी गोष्ट सांगितली. टोमणे मारणाऱ्या बायकांचे पुढे काय झाले, एवढेच तिने विचारले. त्यांची नावे आता कोणाला आठवत नाहीत, असे मी सांगितले. माय काही बोलली नाही. पण पुढच्या खेपेला अक्का निघाली तेव्हा मायने दशम्या बांधून दिल्या आणि गाडीपर्यंत तिची पिशवी स्वतः उचलून नेली. सगळ्या स्टँडदेखत.

अशी पिशवी ज्या दिवशी सासरचे लोकही उचलतील, त्या दिवशी रमाबाईंचे कार्य पुरे झाले असे मी समजेन.