मागेल त्याला काम! : वि. स. पागे

सध्या हॉस्टेलमध्ये एकच विषय, कॅम्पस! पुणे मिळणार की बेंगळुरू? गाव सोडायची आपल्याला केवढी घाई! पण मित्रांनो, आपल्याच सातारा-सांगलीच्या माण, खटाव, आटपाडी, जत भागात पावसाने दडी मारली की माणसं पोटासाठी घरदार सोडून मुंबईची वाट धरायची. ज्यांना जायचं नव्हतं त्यांनी काय करायचं? हा प्रश्न ज्यांना स्वस्थ बसू देईना, ते म्हणजे वि. स. पागे. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे हे नाव मला फार उशिरा कळलं, हे कबूल करते.

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म 1910 चा. तासगाव तालुक्यातलं विसापूर हे त्यांचं गाव. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. वकिली शिकलेले पागे स्वातंत्र्यलढ्यात उतरले. संतवाङ्मयाचा त्यांचा दांडगा अभ्यास. 1960 ते 1978 अशी तब्बल 18 वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. पण एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसूनही लक्ष मात्र गावच्या शेतमजुराकडे.

त्यांचा विचार अगदी साधा. कामासाठी माणसाने किती वणवण करायची? सरकारनेच काम त्याच्या गावाजवळ न्यावं, आणि तेही उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून! आपल्या शेतावर किती मजुरांना किती दिवस काम देता येईल, याचा हिशोब त्यांनी आधी पत्नीबरोबर मांडला, असं सांगतात. 1965 च्या सुमारास तासगाव भागात प्रयोग झाला. मग आला 1972 चा दुष्काळ. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. कुणी खडी फोडत होतं, कुणी पाझर तलावाची माती वाहत होतं. त्यात बायकाही भरपूर होत्या.

पुढे 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर 15 दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारभत्ता. पैसा कुठून आणायचा? त्यासाठी 1975 पासून शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला.

योजनेत दोष नव्हते असं नाही. खोट्या हजेऱ्या लागल्या, कामं अर्धवट राहिली, मजुरी रखडली. गाव सोडून जाणंही पूर्ण थांबलं नाही. पण 2005 साली संसदेने देशासाठी असाच कायदा केला. त्यात 5 किलोमीटरच्या पलीकडे काम दिलं तर प्रवासखर्चासाठी 10 टक्के जादा मजुरी ठेवली. विसापूरचा विचार दिल्लीला पोहोचला! पण ते बघायला पागेसाहेब नव्हते. 1990 मध्येच ते गेले होते.

आपण आवडीने गाव सोडणार. पण नाइलाजाने सोडणं वेगळं. तुमच्या पहिल्या पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कराचे 200 रुपये कापलेले दिसतील, तेव्हा कुरकुर करू नका. विसापूरच्या या माणसाची आठवण ठेवा.