११४ बळी आणि न मिळालेले कर्णधारपद

मे १९११ मध्ये मुंबईहून निघालेली एक आगबोट एडन मागे टाकून तांबड्या समुद्रात शिरली. उजव्या हाताला हेजाझचा किनारा होता. आज सौदी अरेबियात असलेला हा प्रदेश तेव्हा उस्मानी साम्राज्याचा भाग होता आणि जेद्दा हे हज यात्रेकरूंचे बंदर म्हणून ओळखले जात होते. इंग्लंडकडे निघालेल्या त्या बोटीवर पहिल्या अखिल भारतीय क्रिकेट संघाचे खेळाडू होते. त्यापूर्वी पारशी संघांनी इंग्लंडचे दौरे केले होते. परंतु पारशी, हिंदू, मुस्लिम आणि शीख खेळाडू एका संघातून प्रथमच परदेशी चालले होते. या संघातील सर्वोत्तम गोलंदाज पस्तिशीचा होता, जन्माने चर्मकार होता आणि त्याच्या नोकरीची सुरुवात मैदान झाडण्यापासून झाली होती. ते पालवणकर बाळू होत.

बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवणचे. बालपण गेले ते पुण्याच्या लष्करी परिसरात. इंग्रज अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि चेंडूंवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पुढे बाळूंना पारशी खेळाडूंच्या एका क्लबात मैदानाची झाडलोट आणि खेळपट्टीची निगा राखण्याचे काम मिळाले. पगार महिना तीन रुपये होता. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. तेथे रोलर फिरवणे, जाळी उभारणे आणि खेळपट्टी आखणे ही कामे त्यांच्याकडे होती.

क्लबातील नामांकित फलंदाज जे. जी. ग्रेग यांना सरावासाठी गोलंदाज हवा असे. बाळू डाव्या हाताने मंदगती फिरकी टाकू लागले. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे, असा ग्रेग यांचा शिरस्ता होता, अशी आठवण सांगितली जाते. ती खरी असो वा दंतकथा, तासन्‌तास चाललेल्या त्या सरावातून एक असामान्य गोलंदाज घडला, यात शंका नाही. फलंदाजीची संधी मात्र त्यांना सहसा मिळत नसे. ती साहेबांची मिरास होती.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज हवा होता. परंतु अस्पृश्य मानलेल्या खेळाडूबरोबर एकाच संघात खेळावे की नाही, यावर वाद झाला. अखेर तोडगा निघाला तोही विचित्रच. मैदानावर चेंडू सर्वांनी हाताळायचा, पण चहापानाच्या वेळी बाळूंनी बाहेर बसायचे आणि फेकून देता येईल अशा मातीच्या भांड्यातून चहा घ्यायचा. जेवणाचे ताटही वेगळे असे. संघ विजयी होऊ लागल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी बाळूंचा जाहीर गौरव केला. बरोबर खेळणाऱ्यांनी बरोबर बसून जेवायला काय हरकत, हा प्रश्न त्यामुळे समाजापुढे उभा राहिला.

१८९६ मधील प्लेगच्या साथीनंतर बाळू मुंबईत आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. बाळू आणि शिवराम या दोघांचाही त्या विजयात मोलाचा वाटा होता. मुंबईत एव्हाना चहाचे वेगळे भांडे मागे पडले होते.

१९११ चा दौरा एकूण निकाल पाहता फारसा गौरवास्पद ठरला नाही. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले आणि १५ गमावले. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांत विजय दोनच मिळाले, लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्ध. कर्णधार होते पतियाळाचे १९ वर्षांचे महाराजा भूपिंदर सिंग. त्या उन्हाळ्यात पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक होता आणि महाराज मोजकेच सामने खेळून दरबारी समारंभांत रमले. गोलंदाजीचा भार बाळूंच्या खांद्यावर पडला. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात ८ बळी घेतले आणि लेस्टरच्या विजयात दोन्ही डाव मिळून ११. संपूर्ण दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळवले, तेही सरासरी १९ पेक्षा कमी धावांत. काही कौंटी संघांनी त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणून विचारणा केल्याचेही सांगितले जाते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हौशी आणि पगारी खेळाडूंच्या खोल्या वेगळ्या असत, मैदानात उतरण्याची दारेही वेगळी असत. प्रतवारीची ही चाल बाळूंना अपरिचित नव्हती.

ते परतले तेव्हा मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्यांच्यात अभिमान शोधणाऱ्या तरुणांत महाविद्यालयात शिकणारे भीमराव आंबेडकरही होते.

यानंतर बाळूंकडे हिंदू संघाचे नेतृत्व यायला हवे होते. ज्येष्ठता आणि कामगिरी या दोन्ही कसोट्यांवर त्यांच्याइतका दावा दुसऱ्या कुणाचा नव्हता. ते आले नाही. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी आपल्या सत्कारातच हा मान खरा बाळूंचा असल्याचे मान्य केले. १९२० मध्ये बाळूंना वगळण्यात आले आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांचा नेतृत्वाचा हक्कही डावलला गेला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेऊन निषेध जाहीरपणे नोंदवला. गदारोळानंतर बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि पै यांनी सामन्यात काही काळ मैदान सोडून संघ त्यांच्या हाती दिला. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्या भावाला जे मिळाले नाही, ते धाकट्याच्या वाट्याला आले.

अमेरिकेतील बेसबॉलचा इतिहास जाणणाऱ्यांना ही कहाणी ओळखीची वाटेल. धहरानच्या तेलवसाहतीतील अमेरिकी कुटुंबांनी हा खेळ सौदी अरेबियातही नेला आणि तेथील मुलांचे संघ लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेपर्यंत पोहोचले. त्याच खेळात १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सच्या जॅकी रॉबिन्सन यांनी वर्णभेदाची भिंत ओलांडली आणि त्या हंगामातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान मिळवला. मात्र मोठ्या लीगमधील संघाचा पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक नेमला जाण्यास १९७४ साल उजाडले. रॉबिन्सन त्याआधी सुमारे दोन वर्षांपूर्वीच निवर्तले होते. उपेक्षितांचे कौशल्य मैदान लवकर स्वीकारते. त्यांचा हुकूम मानायला मात्र एक पिढी जावी लागते.

बाळूंचे उत्तरायुष्य राजकारणात गेले आणि ते सरळ रेषेत बसवता येत नाही. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. एके काळी ज्यांच्या यशाने आंबेडकरांच्या पिढीला उभारी दिली, तेच आता त्यांचे प्रतिस्पर्धी होते. या निवडणुकीमुळे दलित चळवळीच्या स्मरणात बाळूंना जागा उरली नाही, आणि क्रिकेटच्या इतिहासाने तर त्यांना आधीच मागे टाकले होते. भारताचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ चा. त्यापूर्वीचे पराक्रम सहसा कुणी आठवत नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत पालवणकर बाळू यांचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, सरासरी १५ च्या आसपास. हे आकडे आजही अभ्यासकांना थक्क करतात. त्यांच्या आयुष्याचा हिशेब मात्र या आकड्यांपाशी संपत नाही. रोलर ओढणाऱ्या हातांनी चेंडू टाकला तेव्हा तो हवाहवासा वाटला. त्याच हातांत संघाची सूत्रे द्यायची वेळ आली, तेव्हा मात्र संघ अडला.