सुराला कच्च्या असलेल्या माणसाने दिलं सुरांचं माप!

छोटा पियानो जुळवताना इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर सूर किती 'सेंट' चढा किंवा उतरलेला आहे ते दिसतं. हे माप १८१४ साली जन्मलेल्या इंग्रज अभ्यासक अलेक्झांडर जॉन एलिस यांचं. त्यांचा स्वतःचा कान सुराला कच्चा होता! म्हणून त्यांनी गणित वापरलं. सप्तकाचे १२०० समान भाग, म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन स्वरांत १०० सेंट. ऐकण्याचं काम पियानोतज्ज्ञ आल्फ्रेड हिपकिन्स यांनी केलं. दोघांनी सतारीसह देशोदेशीची वाद्यं मोजली. १८८५ साली एलिस यांनी मांडलं, की निसर्गाने ठरवलेलं एकच सप्तक नसतं. युरोपचंच संगीत श्रेष्ठ मानणाऱ्या काळात हे धाडसाचं होतं. १८९० साली एलिस गेले. माप मात्र आजही प्रत्येक ट्यूनरमध्ये आहे.