संत गोन्सालो गार्सिया : वसईचा पुत्र, रेसिफेचा ‘पार्दो’ संत

दरवर्षी फेब्रुवारी महिना आला की आपल्या वसई परिसरात संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण केले जाते. वसईत जन्म, जपानात धर्मसेवा, नागासाकीच्या टेकडीवर क्रूसावर मरण, ही कथा आपल्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ठाऊक असते. परंतु या संताच्या चरित्राचे एक प्रकरण त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, वसईपासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर, ब्राझील देशात लिहिले गेले. ते आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. त्या प्रकरणाचा विषय त्यांचे चमत्कार नव्हेत. त्यांच्या कातडीचा रंग आहे. आज ते वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होती आणि त्या काळच्या पोर्तुगीज समाजात माणसाची ओळख त्याच्या नावाआधी त्याच्या रक्तावरून होत असे. पोर्तुगालात जन्मलेला तो ‘रेइनोल’. ज्याच्या अंगी हिंदी रक्ताचा अंश थोडा, तो ‘कास्तीसो’. ज्याच्यात तो अर्धा, तो ‘मेस्तीसो’. या शब्दांमध्ये शिवी अशी काही नव्हती. ते दप्तरी शब्द होते. पण कोणत्या दारातून कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला उंबरठ्यावर थांबवायचे, हे त्यांवरून ठरत असे. आमच्या मते शिवीपेक्षा असा दप्तरी शब्द अधिक जड असतो, कारण शिवी देणारा निदान रागावलेला तरी असतो.

बाल गोन्सालोचे शिक्षण वसईत येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली झाले. पंधराव्या वर्षाच्या आसपास तो त्यांच्यासोबत जपानला गेला. तेथे त्याने जपानी भाषा उत्तम आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची तळमळ होती. त्याने वारंवार विनंती केली, पण प्रवेश मिळाला नाही. याच काळात पूर्वेकडील येशूसंघीय मिशनचे निरीक्षक फादर अलेस्सान्द्रो वालिन्यानो होते. जपानी व चिनी लोकांना ते आपल्या अहवालांत गोऱ्या वर्णाचे म्हणून गौरवीत, हिंदुस्थानातील लोकांना काळ्या वर्णाचे म्हणून खालचे स्थान देत, आणि मेस्तीसोंना संघात घेऊ नये असे त्यांचे मत होते. हेच वालिन्यानो जपानी भाषेचा व रीतिरिवाजांचा आदर करण्यास शिकवणारे थोर मिशनरी म्हणून इतिहासात मान्यता पावले आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

निराश गोन्सालो व्यापारात शिरला आणि त्याला यशही लाभले. व्यापारानिमित्त तो मनिला येथे जात असे. तेथे फ्रान्सिस्कन बंधूंचे दारिद्र्यव्रत पाहून त्याच्या मनातील जुनी हाक पुन्हा जागी झाली. १५८८ च्या सुमारास फ्रान्सिस्कनांनी त्याला व्रतस्थ बंधू म्हणून स्वीकारले. तो धर्मगुरू झाला नाही. पण ज्या भाषेच्या बळावर तो पूर्वी उपयुक्त होता, तीच भाषा आता पुन्हा उपयोगी पडली. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश राज्यपालाचे वकील म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा दुभाषा होता आपला वसईकर बंधू गोन्सालो. पुढे क्योतो येथे फ्रान्सिस्कनांनी मठ उभारला आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालविले. त्या सेवेत बंधू गोन्सालो सहभागी होता.

१५९६ च्या अखेरीस वारे फिरले. सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले, त्यातून संशय वाढला आणि हिदेयोशीने मिशनऱ्यांच्या अटकेचा हुकूम काढला. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा छाटून त्यांची धिंड काढण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत चालवीत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन जपानी येशूसंघीय होते आणि सतरा जपानी प्रापंचिक भाविक होते. ज्या संघाने गोन्सालोला घेतले नाही, त्या संघाचे तीन बंधू त्याच्याच रांगेत क्रूसावर होते. १६२७ मध्ये पोप आठवे उर्बन यांनी या हुतात्म्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले.

आता ब्राझीलकडे वळू. त्या देशाच्या ईशान्येस पेर्नाम्बुको प्रांत आहे. तेथील उसाचे मळे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभे होते. गोरे मालक आणि काळे गुलाम यांच्यामधून मिश्र रक्ताचा मोठा समाज निर्माण झाला. त्याला दोन नावे होती. एक ‘मुलातो’, हा शब्द खेचरावरून आला असे मानले जाते आणि तो तुच्छतेनेच उच्चारला जाई. दुसरे ‘पार्दो’, म्हणजे करडा-तपकिरी. हे सरकारी नोंदीतील नाव. रक्तशुद्धीच्या नियमांमुळे या लोकांना मानाची पदे व धार्मिक संघ बहुधा बंद असत. तेव्हा त्यांनी स्वतःचे भ्रातृसंघ काढले, स्वतःच्या पैशाने चर्चे बांधली, आणि मुलातो हा शब्द टाकून पार्दो हे नाव दरवाजावर अभिमानाने लिहिले. रेसिफे शहरातील मुक्तिमातेचे चर्च ‘पार्दो पुरुषांचे’ म्हणूनच ओळखले जाते.

पण एक उणीव राहिली होती. गोऱ्यांना संतांची कमतरता नव्हती. काळ्या भाविकांना संत बेनेडिक्ट होते, संत इफिजेनिया होत्या. पार्दोंचा संत कोठे? त्यांच्या रक्तातच खोट असल्याने त्यांच्यातून संत निपजणार नाही, असे हिणवले जाई. तेव्हा त्यांना वसईच्या गोन्सालोचे नाव सापडले.

१७४५ साली रेसिफे येथे पार्दो भाविकांनी धन्यवादित गोन्सालो गार्सिया यांच्या सन्मानार्थ मोठा सोहळा केला. १२ सप्टेंबर रोजी फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दे सान्ता मारिया जाबोआतांव यांनी प्रवचन केले. ते १७५१ मध्ये लिस्बनला छापले गेले, म्हणून आज आपल्याला त्याची माहिती आहे. विरोधकांचा आक्षेप असा होता की गोन्सालोची आई आफ्रिकन नव्हे, हिंदी होती. मग तो पार्दो कसा? जाबोआतांव यांनी विद्वत्तेचा मोठा पसारा मांडून उत्तर दिले की हिंदुस्थानातील लोकही कृष्णवर्णीच, म्हणून युरोपीय पिता व हिंदी माता यांचा पुत्र निःसंशय पार्दोच. गोऱ्या आणि काळ्या या दोहोंच्या संयोगातून आलेला हा रंग कमी प्रतीचा तर नाहीच, उलट अधिक परिपूर्ण आहे, असेही त्यांनी सांगितले.

येथे क्षणभर थांबून तारखा पाहाव्यात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली होती. म्हणजे पेर्नाम्बुकोचे पार्दो वसईच्या या पुत्राचा जयजयकार करीत होते, तेव्हा वसईवरील पोर्तुगीजांची सत्ता जाऊन सहा वर्षे झाली होती.

या प्रवचनाविषयी आमचे मन द्विधा आहे. ज्या नावाने दारे बंद केली, त्याच नावाने त्या लोकांनी आपल्या संताला हाक मारली आणि मान ताठ केली, याचा आनंद वाटतो. परंतु त्यासाठी भर व्यासपीठावरून वसईच्या एका मातेच्या त्वचेचा रंग मोजावा लागला. गोन्सालोने कुष्ठरोग्यांसाठी काय केले, यापेक्षा त्याची आई किती काळी, हा प्रश्न त्या दिवशी महत्त्वाचा ठरला. ज्यांनी तो विचारला ते अन्यायाचे बळी होते. मात्र मापे त्यांनी वापरली ती मालकांचीच होती.

आम्हां वसईकरांना दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार किती? काफिर या अरबी शब्दाचा रोख मुळात श्रद्धेवर होता. पोर्तुगीजांनी तो ‘काफ्रे’ करून आफ्रिकन माणसाला चिकटवला आणि गोव्यात त्याचा ‘खाप्री’ झाला. तो आफ्रिकन माणसासाठी तर वापरला जातोच, पण काळ्या वर्णाच्या पोरालाही चिडवण्यासाठी. आणि विवाहविषयक जाहिरातींत गोरी, उजळ, निमगोरी हे शब्द आपले ख्रिस्ती लोकही लिहितात. ‘सावळी’ हा शब्द मराठीत किती मायेचा आहे. पण त्या जाहिरातींत तो सहसा वधूच्या बाजूने, आणि तोही संकोचून, येतो.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीस हुतात्म्यांना संतपद बहाल केले आणि गोन्सालो गार्सिया भारतात जन्मलेले पहिले संत ठरले. ब्राझीलमध्ये त्यांची भक्ती तोवर रेसिफेपुरती राहिली नव्हती. पेनेदो, साओ जोआओ देल-रेइ, रिओ दे जानेरो येथे त्यांच्या नावाची चर्चे उभी राहिली. ‘पार्दो’ हा शब्दही जिवंत आहे. त्या देशाच्या जनगणनेत वर्णाचा रकाना आजही असतो आणि माणूस तो स्वतः भरतो. २०२२ च्या गणनेत ९ कोटी २१ लाख लोकांनी, म्हणजे ४५.३ टक्क्यांनी, स्वतःपुढे पार्दो असे लिहिले. हा गट गोऱ्यांपेक्षा मोठा ठरला.

रिओच्या चर्चमध्ये संत गोन्सालो आज संत जॉर्ज यांच्यासोबत राहतात. २३ एप्रिलला संत जॉर्ज यांच्या सणासाठी तेथे अफाट गर्दी लोटते. आपला कोणी वसईकर कधी त्या शहरी गेला, तर त्याने आत जाऊन आपल्या गावच्या या मुलालाही एक मेणबत्ती लावावी.