कामा हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई

माझा जन्म १९४४ सालचा, मुंबईच्या कामा हॉस्पिटलातला. तेव्हा तिथल्या मुख्य डॉक्टर आपल्याच समाजाच्या डॉ. जेरुशा झिराड होत्या. आई त्यांना नुसतं बाई म्हणायची. आमच्या घरात बाई म्हटलं की दुसरं कोणी नसायचंच.

आडनावातच अलिबागजवळचं झिराड गाव आलं, पण बाईंचा जन्म १८९० सालचा, शिमोग्याचा. पुढे शिक्षण पुण्याला. अकरा वर्षांच्या असताना त्यांची थोरली बहीण फार आजारी पडली. तिला कामामध्ये आणलं, आणि डॉ. बेन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं. त्या दिवसांत बायकांनी डॉक्टर व्हायचं असतं हेच पुष्कळांना ठाऊक नव्हतं. या मुलीनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि मनात ठरवून टाकलं, आपणही डॉक्टर व्हायचं, आणि याच हॉस्पिटलची मुख्य व्हायचं. अकरा वर्षांची पोर! आमची नातवंडं त्या वयात टेलिफोनमधून डोकं वर काढत नाहीत, असो.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून झाल्यावर विलायतेला जायचं होतं. सरकारी शिष्यवृत्ती बायकांना मिळत नव्हती. मग टाटांच्या फंडातून कर्ज काढलं आणि लंडन गाठलं. नंतर सरकारनंही शिष्यवृत्ती दिली, बाईमाणसाला दिलेली ती पहिलीच. पहिलं महायुद्ध चालू होतं, पुरुष डॉक्टर लढाईवर गेलेले, त्यामुळे तिथल्या हॉस्पिटलांत बाईंना काम मिळालं. १९१९ मध्ये लंडनची एम.डी. घेतली, बाळंतपण आणि स्त्रीरोगांची.

लंडनला आणखी एक ओळख झाली, लिली माँटेग्यू यांची. या यहुदी बाईंनी १९०२ मध्ये ज्युईश रिलिजस युनियन काढायला पुढाकार घेतला होता. त्यांच्याकडे प्रार्थना लोकांना समजेल अशी, आणि बायका-पुरुष एकत्र बसायचे. बाई ते विचार घेऊन परत आल्या, आणि १९२५ मध्ये मुंबईत तशीच युनियन सुरू झाली. तीच पुढे रोदेफ शालोम.

आता खरं सांगते, आमच्या घरात यावरून भांडणं झाली. आजोबा जुन्या मशिदीचे पक्के. ते तिथे पाऊल टाकायला तयार नव्हते. बायका पुरुषांच्या शेजारी बसतात म्हणून दोन दिवस बोलले नाहीत. आजी मात्र एकदा जाऊन आली आणि आल्यावर म्हणाली, की आज पहिल्यांदा मला कळलं मी काय म्हणते आहे ते. आजोबा चूक होते असं मी म्हणणार नाही. त्यांना त्यांच्या वडिलांनी घडवलं, बाईंना लंडनच्या माणसांनी. पण मी हिब्रूचा अर्थ विचारायला लागले ती आजीमुळे, आणि आजीला ती हौस बाईंमुळे.

परत आल्यावर दिल्ली, बंगलोर अशी कामं करून १९२९ मध्ये बाई कामाच्या मुख्य झाल्या. १९४७ पर्यंत राहिल्या. लहानपणी मनात धरलेली जागा मिळवलीच! मुंबईत बाळंतपणात बायका का मरतात याची त्यांनी चौकशी केली, एकेका मृत्यूची, आणि त्याचा अहवाल १९४१ मध्ये छापून आला. हे काम मला सगळ्यांत मोठं वाटतं. मेलेल्या बाईबद्दल कोण विचारत होतं तेव्हा? नशीब म्हणायचे आणि मोकळे व्हायचे.

१९६६ मध्ये सरकारनं पद्मश्री दिली. बाई नव्वदीच्या पुढं जाऊन वारल्या. मी तोवर इथे लोदला स्थायिक झालेली होते. आई गेल्यावर तिच्या पेटीत माझा कामामधला जन्माचा कागद सापडला, घडीवर झिजलेला. तो आता माझ्या नातीकडे आहे. ती बेर शेव्याला नर्सिंग शिकते.