ग्राफीय पुटक : एका संज्ञेमागील चरित्र

अंडमोचनाच्या वेळी अंडकोशातील जी द्रवपूर्ण पिशवी फुटून अंड बाहेर पडते, तिला वैद्यकात ‘ग्राफीय पुटक’ म्हणतात. ‘पुटक’ म्हणजे लहान पुट. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही लहान पिशवी असाच आहे. या संज्ञेतील विशेषण ज्यांच्या नावावरून आले, त्यांची स्वतःची समजूत मात्र निराळी होती.

रेनिअर द ग्राफ यांचा जन्म ३० जुलै १६४१ रोजी नेदरलँड्समधील स्खोनहोव्हन येथे झाला. उट्रेख्त व लायडन येथे त्यांचे शिक्षण झाले. १६६४ मध्ये स्वादुपिंडाच्या स्रावावरील प्रबंधाने ते प्रसिद्धीस आले. पुढे फ्रान्समध्ये वैद्यकाची पदवी घेऊन ते डेल्फ्ट येथे स्थायिक झाले.

त्या काळी अंडकोशास स्त्रीचे वृषणच म्हणत. १६६७ मध्ये स्टेनो यांनी हा अवयव अंडे धारण करणारा असावा, असे सुचविले. ग्राफ यांनी १६७२ च्या ग्रंथात त्यास प्रयोगांचा आधार दिला. समागमानंतर ठरावीक काळाने सशिणींचे विच्छेदन करून त्यांनी पुटकांतील बदल टिपले आणि अंडवाहिनीत सूक्ष्म गोलक पाहिले. ही पुटके पूर्वसूरींनीही पाहिली होती, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मात्र पुटकांनाच ते अंडी म्हणत. वाहिनीतील गोलक पुटकांहून बरेच लहान असल्याचे त्यांच्या ध्यानात आले होते. तरीही खरे अंड त्यांना पुटकात दिसले नाही.

अखेरचे वर्ष वादात गेले. स्वामरडाम यांनी अग्रहक्काचा प्रश्न उपस्थित केला व तो लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गेला. त्याच १६७३ साली ग्राफ यांनी डेल्फ्टमधील एका कापडव्यापाऱ्याच्या सूक्ष्मदर्शी निरीक्षणांची शिफारस त्या सोसायटीकडे केली. तो व्यापारी म्हणजे लेव्हेनहूक. स्वतः वादात गुंतलेल्या संशोधकाचे हे औदार्य नोंद घेण्याजोगे आहे. १७ ऑगस्ट १६७३ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ग्राफ निवर्तले.

अठराव्या शतकात हालर यांनी या पुटकांस ग्राफ यांचे नाव जोडले. १८२७ मध्ये बेअर यांनी कुत्रीच्या पुटकाच्या आत असलेले खरे अंड शोधून काढले. पुटक हे अंड नव्हे, तर त्याचे आवरण, हे तेव्हा निश्चित झाले. आजच्या संज्ञेत या दोन्ही गोष्टी नांदतात : विशेषणात ग्राफ यांचा गौरव आहे, तर विशेष्यात त्यांच्या मताची दुरुस्ती. परिभाषा घडविणाऱ्याने संज्ञेचा असा इतिहास जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.