आजन्म विद्यार्थी

इटली देशाच्या उत्तर भागात रोंकोले नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील एका खाणावळवाल्याच्या घरी १८१३ साली ज्युझेप्पे व्हेर्दी याचा जन्म झाला. घरची स्थिती बेताचीच होती. परंतु मुलाची संगीताची ओढ पाहून पित्याने त्याला एक जुने वाद्य आणून दिले. ते दुरुस्त करणाऱ्या कारागिराने या बालकाची तळमळ पाहून मजुरीही घेतली नाही.

पुढे बुसेतो गावच्या बारेत्सी नावाच्या रसिक व्यापाऱ्याने व्हेर्दीला आश्रय दिला. १८३२ साली तो मिलान शहरातील संगीत विद्यालयात प्रवेश घेण्यासाठी गेला. परीक्षकांनी त्याला नाकारले. त्याचे वय अधिक होते आणि पियानोवर हात ठेवण्याची त्याची पद्धत सदोष होती! व्हेर्दी खिन्न झाला, पण परत फिरला नाही. लाविन्या नावाच्या गुरूजवळ तो अहोरात्र रचनाशास्त्राचे कठीण पाठ गिरवू लागला.

व्हेर्दीला ऑपेरा रचायचे होते. ऑपेरा म्हणजे युरोपातील संगीतनाटक. आपल्या संगीत नाटकांत गद्य संवादांमधून पदे येतात. ऑपेरात बहुधा सर्वच संवाद गाइले जातात व त्यांना मोठ्या वाद्यवृंदाची साथ असते. १८३९ साली व्हेर्दीचा पहिला ऑपेरा रंगभूमीवर आला. परंतु दैव प्रतिकूल होते. दोन वर्षांच्या आत त्याची कन्या, पुत्र आणि पत्नी ही तिघेही निवर्तली. अशा शोकाच्या दिवसांत त्याला विनोदी ऑपेरा रचावा लागला. प्रेक्षकांनी त्याची निर्भर्त्सना केली. आता पुन्हा लेखणी हाती धरावयाची नाही, असा त्याने निश्चय केला. पण नाट्यगृहाच्या चालकाने आग्रह सोडला नाही. त्यातून १८४२ साली ‘नाबुक्को’ हा ऑपेरा जन्मास आला आणि व्हेर्दीचे नाव घरोघरी पोहोचले.

त्या काळी ऑपेराचा साचा ठरलेला असे. कथा थोडी पुढे सरके आणि थांबे. मग गायक पुढे येऊन आपले गीत आळवी. टाळ्या पडत, वन्समोर मिळे आणि कथा जागच्या जागी खोळंबून राही. व्हेर्दीला हे रुचेना. संगीताने कथेची सेवा करावी, असे त्याला वाटे. १८५१ सालच्या ‘रिगोलेत्तो’मध्ये त्याने एका कुबड्या विदूषकाला नायक केले. त्यात चार पात्रे आपापल्या निरनिराळ्या भावना एकाच वेळी गातात. वादळाच्या प्रसंगी पडद्याआडून पुरुषांचा समूह तोंड मिटून गुंजारव करतो आणि वारा घोंघावल्याचा भास होतो.

त्याच सुमारास वाग्नर नावाचा जर्मन संगीतकार याहून मोठे परिवर्तन घडवीत होता. त्याच्या रचनेत संगीताचा ओघ अखंड वाहे. १८७१ साली त्याचा एक ऑपेरा इटलीतील बोलोन्या शहरी झाला. कीर्तीच्या शिखरावर असलेला अठ्ठावन्न वर्षांचा व्हेर्दी स्वरलिपीचे पुस्तक घेऊन तेथे जाऊन बसला आणि गुणदोष समासात टिपू लागला.

त्या वर्षाच्या अखेरीनंतर पंधरा वर्षे व्हेर्दीचा एकही नवा ऑपेरा आला नाही. त्याचा काळ संपला, असे अनेकांना वाटले. बोइतो नावाच्या कवीने तर १८६३ सालीच, ऐन तारुण्यात, इटलीच्या जुन्या कलेवर कठोर टीका केली होती. ती व्हेर्दीच्या जिव्हारी लागली होती. परंतु पुढे त्याने राग गिळला आणि त्याच बोइतोला सहकारी केले. शेक्सपिअरच्या नाटकावरून दोघांनी ‘ओतेल्लो’ सिद्ध केला. १८८७ साली तो रंगभूमीवर आला, तेव्हा लोक थक्क झाले. आता कथा गीतासाठी थांबत नव्हती. तरीही व्हेर्दीने वाग्नरचे अनुकरण केले नव्हते. इटलीचा मधुर मानवी कंठ त्याच्याकडे श्रेष्ठच राहिला होता.

१८९३ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याने ‘फाल्स्ताफ’ हा विनोदी ऑपेरा सादर केला. तारुण्यात ज्या विनोदाने त्याला अपयश दिले, त्याच विनोदाने वार्धक्यात यश दिले. या ऑपेराचा शेवट कसा आहे? एकाने स्वरपंक्ती सुरू करावी आणि इतरांनी ती क्रमाक्रमाने उचलावी, अशा अवघड रचनेत सारी पात्रे गातात. लाविन्या गुरूजींजवळ त्याने हेच पाठ गिरविले होते!

व्हेर्दीने मिलान येथे वृद्ध व निराधार संगीतकारांसाठी विश्रामगृह बांधविले. मात्र ते आपल्या मृत्यूनंतरच उघडावे, अशी इच्छा दर्शविली. २७ जानेवारी १९०१ रोजी तो निवर्तला. पुढच्या वर्षी विश्रामगृहाची दारे उघडली. ज्या विद्यालयाने त्याला प्रवेश नाकारला होता, ते आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. प्रवेश मिळाला नाही, तरी तो अखेरपर्यंत विद्यार्थीच राहिला. आणि म्हणूनच त्याची कला कधी जुनी झाली नाही.